बोक्याची संध्याकाळची फेरी

डॉक्टरांनी चिमट्यातला काटा ट्रेमध्ये टाकला, टिंग असा बारीक आवाज झाला, आणि रत्नप्रभेच्या मनात पहिलं आलं ते हे, की हा हलव्याचा. मधल्या काट्याचा तुकडा, शेपटीकडचा. कुत्र्याची सुटका झाली हे नंतर सुचलं, आणि हा मासा आला कुठून हे त्याच्याही नंतर. वेंगुर्ल्यात जन्मलेल्या बाईला काटा बघून मासा ओळखायला चष्मा लागत नाही. पाच वर्षं तिनं जिभेला मासा लावला नव्हता, तरी ओळख काही पुसली नव्हती. बोक्या टेबलावर चारी पाय फाकवून उभा होता. कालपासून पंजानं तोंड खाजवून खाजवून त्यानं जीव नकोसा करून घेतला होता, आणि आता मोकळं वाटल्याबरोबर मेला डॉक्टरांचाच हात चाटायला निघाला.

"टाळूला आडवा बसला होता," डॉक्टर हात धुता धुता म्हणाले. "मासे घालता ते चांगलंच करता बाई. उगाच नाही केस असे चमकत. पण काटे काढून घालत जा."

"आमच्याकडे मासे होत नाहीत."

"होत नाहीत?" डॉक्टरांनी काटा पुन्हा उचलून दिव्याखाली धरला. "हळद लागलीय बघा. मग यानंच फोडणी दिली असणार."

ती हसली. हसणं भागच होतं. बोक्याचा पट्टा आवळून ती बाहेर आली, रिक्षात बसली, आणि रिक्षा चार बंगल्याच्या दिशेनं वळली तरी तिच्या तोंडावरचं ते हसू कुणीतरी खिळे ठोकून बसवल्यासारखं तसंच होतं. हळद. तिथंच तर घोडं पेंड खात होतं. बाजारात कोळणींच्या पाट्यांखाली पडलेला काटा कच्चा असतो, पांढरा. हा शिजलेला, कुणाच्या तरी ताटातला. बरं, ताटातला कचऱ्यात गेला आणि कचऱ्यातला यानं उचलला म्हणावं, तर तेही नाही. पडलेलं तोंडात घ्यायचं नाही हे तिनं स्वतः त्याला शिकवलं होतं, दोन महिने खपून. कॉलनीतल्या बायका पैजा लावून त्याच्या पुढ्यात ग्लुकोजचं बिस्कीट टाकायच्या आणि हा मान वळवून तिच्याकडे बघायचा, घेऊ का म्हणून. घ्यायचा तो हातून, आणि हातही ओळखीचे लागायचे. सुगंधानं, शेजारणीनं, सहा महिने मिनतवाऱ्या केल्या तेव्हा कुठं तिच्या हातचा चपातीचा तुकडा त्यानं घेतला होता. म्हणजे हा हलवा कुणीतरी बोक्याला हातानं भरवला होता, आणि तो हात बोक्याला चांगला ठाऊक होता. सिग्नलला रिक्षा थांबली. बोक्यानं तिच्या मांडीवर हनुवटी टेकली आणि डोळे मिटले, निरागस, जसं काही घडलंच नाही.

आणि केस चमकतायत म्हणे! त्या केसांवर तिनं भाषण ठोकलं होतं, गेल्याच महिन्यात, महिला मंडळाच्या हळदीकुंकवाला. 'घरातला कुत्रा आनंदी कसा ठेवावा' असा विषय मंडळाच्या चिटणीसबाईंनी फळ्यावर खडूनं लिहिला होता आणि पाऊणशे बायका समोर सतरंजीवर. तिनं सगळं सांगितलं, हातचं न राखता. सकाळी नाचणीची आंबील. दुपारी भाकरी दुधात कुस्करून, वर वरणाचं पाणी. उकडलेला दुधी, गाजर, मीठ अजिबात नाही. आठवड्यातून एकदा कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी अंगावर. खोली एक असली म्हणून काय झालं, कुत्र्याचं डोकं रिकामं ठेवायचं नाही: जुन्या मोज्यात भाकरीचे तुकडे घालून गाठ मारावी आणि मोजा कॉटखाली नाहीतर पिंपामागे दडवावा, तो हुंगत हुंगत शोधतो, अर्धा तास दमतो, आणि मग पंख्याखाली गाढ झोपतो. सकाळी मैदानावर मी, संध्याकाळी लांबची फेरी आमचे हे. "आणि मासे-मटण नाही घालत?" मागून कुणीतरी विचारलं, आणि रत्नप्रभा ताठ होऊन म्हणाली होती, "कुत्र्याला मासे लागत नाहीत हो. कुत्र्याला माया लागते." टाळ्या पडल्या होत्या. आता रिक्षात बसून त्या टाळ्या तिच्या कानशिलावर एकेक करून बसत होत्या. बोक्याचं अंग तजेलदार होतं ते तिच्या आंबिलीनं नव्हे, आणि तो रात्री अर्धीच भाकरी खाऊन ताट सोडायचा तेही मिताहारी म्हणून नव्हे. पोट भरून यायचा, लबाड!

बोक्याला आणलं चंदूनं. एसी दुरुस्तीच्या वर्कशॉपच्या आवारात कुत्रीनं पिल्लं घातली, त्यातलं एक तपकिरी, कानात पांढरा ठिपका असलेलं, शर्टाच्या आत घालून घेऊन आला. "आई, ओरडू नकोस, हा बोका आहे, कुत्रा नाही," म्हणाला, म्हणून नाव बोक्या पडलं. चंदू म्हणजे चंद्रप्रकाश, एकुलता एक. आयटीआय केलेला, हातात कसब असलेला, बावीस वर्षांचा. दुबईच्या एका कंपनीत त्याला नोकरी लागली होती. पासपोर्ट झाला, व्हिसा आला, मोठी लाल बॅग घेतली, आणि बॅग भरायच्या आठवड्यात डोळे पिवळे दिसायला लागले. कावीळ. अकरा दिवस. आठव्या दिवशी दुपारी खालच्या मजल्यावर कुणीतरी मासे तळत होतं, वास सगळ्या जिन्यातून वर आला, आणि चंदू उशीवरून मान न उचलता म्हणाला, "आई, एक तुकडी दे ना. हलव्याची. नुसती चाटून ठेवतो." पथ्य होतं. तेल नाही, तिखट नाही, मासा तर नावालाही नाही. ती म्हणाली, "बरा हो, मग दहा खा." दत्ताराम, तिचा नवरा, दारात उभा होता, तो म्हणाला, "दे गं एक. एकानं काय होतंय?" आणि ती त्याच्या अंगावर धावून गेली होती, "पोराला मारायचंय का तुम्हाला?" तिसऱ्या दिवशी चंदू गेला. एक तुकडी न खाताच गेला.

नाशिकला, गोदेच्या काठावर, क्रियाकर्म आटपल्यावर भटजी म्हणाले, गेलेल्याच्या आवडीचं एखादं काही सोडतात, सोडायचं असेल तर सोडा. रत्नप्रभेनं विचारही केला नाही. मासा, म्हणाली. भटजींनी एकदा दोघांकडे बघितलं. मालवणी माणसानं मासा सोडणं म्हणजे काय हे त्यांनाही कळत होतं. "बाईंनी सोडला तरी पुरे," ते म्हणाले. पण दत्तारामानं आपला हात तिच्या हाताखाली धरला, आणि पळीतलं पाणी तिच्या ओंजळीतून त्याच्या ओंजळीत आणि त्याच्या ओंजळीतून नदीत गेलं. त्या पाण्याचा गारवा तिला अजून आठवत होता. पुढची पाच वर्षं ती त्याच एका गोष्टीवर तगली होती. नातेवाईक यायचे बंद झाले, चंदूचे मित्र लग्नं करून विरार-वसईला गेले, घरात त्याचं नाव निघेनासं झालं, कारण नाव निघालं की ती स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून बसायची. राहिला तो भिंतीवरचा फोटो, चंदनाच्या हारातला, आणि हे सोडलेलं. श्रावण संपून गौरी-गणपती झाले की आसपासच्या घरांतून वास सुटायचे, तिच्या तोंडाला खरोखर पाणी सुटायचं, घशात दुखायचं, आणि मग तिला वाटायचं, समोर हा माणूसही हेच गिळतोय. एकट्यानं सोडलं तर ते नुसतं पथ्य. दोघांनी मिळून सोडलं म्हणून तर त्याला अर्थ. कुत्र्यालाही तिनं त्यातच ओढलं. माझ्या घरात कुणाच्या तोंडाला मासा लागायचा नाही, म्हणाली, आणि चंदूचा कुत्रा आंबील प्यायला शिकला.

त्या संध्याकाळी दत्ताराम सव्वासहाला ऑफिसातून आला. चहा प्यायला, पायजमा चढवला, खुंटीवरची साखळी काढली. साखळीचा आवाज झाला आणि बोक्या, जो सकाळी टेबलावर मरणाच्या दारात होता, कॉटखालून तीरासारखा सुटला. "डॉक्टर काय म्हणाले?" दत्तारामानं विचारलं. "काही नाही. लाकडाची काडी अडकली होती," ती म्हणाली. खोटं इतकं सहज आलं की तिचं तिलाच नवल वाटलं. "हल्ली काय वाट्टेल ते चावतो," असं म्हणून तो उतरला. ती गॅलरीत उभी राहिली. रोजच उभी राहायची, पण रोज तिला एक खंगलेला माणूस आणि एक इमानी जनावर दिसायचं. आज दिसले ते दोघे घाईत असलेले. मैदानाकडे डावीकडे वळायचं ते न वळता सरळ गेले. आठ वाजता परत आले. खाली नळावर दत्ताराम वाकून बोक्याचं तोंड धूत होता. ही त्याची रोजची तऱ्हा, आणि रोज तिला भरून यायचं, केवढा जीव लावतो म्हणून. वर आल्यावर तो मोरीत गेला, साबणानं दोनदा हात धुतले, मग लिंबाची फोड चोळली. कुत्र्याला हात लावले की धुवावेत, असं तोच तिला शिकवायचा. तोंडात बडीशेप. जेवायला बसला तर एकच चपाती. "रात्री हलकंच बरं," म्हणाला. पाच वर्षांत ही हलकी जेवणं बघून तिनं किती वेळा पदर डोळ्याला लावला होता! माणूस आतून पोखरला गेलाय, अन्न जात नाही त्याला, म्हणून त्याच्या ताटात चोरून तूप सोडायची. शिरा पडो त्या तुपावर, तिच्या मनात तिची आई मालवणी शाप देऊन गेली. विश्वासानं मान मांडीवर ठेवावी आणि केसानं गळा कापावा, तो असा. तिनं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं काहीतरी सांगितलं असतं, आणि त्याचं सांगणं तिला नकोच होतं. खरं काय ते बोक्याकडून काढता येणार होतं. रात्रभर मात्र तिला दिसत राहिलं ते एक बाईमाणूस. कधी तरुण, कधी विधवा, कधी ऑफिसातली टायपिस्ट, तव्याशी उभी, आणि दत्ताराम पाटावर. तिला वाटलं, बाई असेल तर एक वेळ सोसेन. बाई ठेवणारे पुरुष काय आपण बघितले नाहीत? पण मासा!

दुसऱ्या दिवशी पाच वाजता तिनं घराची किल्ली सुगंधाकडे दिली, बोक्याला साखळी लावली आणि उतरली. कोपऱ्यावर तिनं मनगट सैल सोडलं. "चल," ती म्हणाली, "तुझ्या नेहमीच्या जागी चल." बोक्यानं एकदा वर बघितलं. कदाचित बाई कोण आणि वेळ कोणती याचा त्याच्या डोक्यात थोडा घोळ झाला असावा. पण साखळी सैल आहे म्हटल्यावर त्यानं फार विचार केला नाही. मार्केट ओलांडलं, सात बंगल्याचा रस्ता ओलांडला. या बाजूला ती पाच वर्षांत आली नव्हती. बाजाराला जाताना मासळीची गल्ली लागू नये म्हणून ती वळसा घालून जायची, आणि हा तिला थेट वेसाव्याच्या कोळीवाड्याच्या तोंडाशी घेऊन निघाला होता. वारा आला तसा वास आला, आधी खारा, मग सुक्याचा, मग ओल्याचा, आणि ती एका बंद दुकानाच्या फळीला धरून उभी राहिली. तिला भूक लागली होती. स्वतःचीच शरम वाटून तिनं साखळी आवळली, तसा बोक्या गळा काढून कुरकुरला. पुढं बांबूंवर बोंबील टांगलेले, जाळी पसरलेली, गल्ली अरुंद होत होत दोन माणसांपुरती झालेली, आणि ओट्यांवरून बायका बोक्याला ओळखत होत्या! "आला गो साहेब," एक म्हणाली. "आज म्याडम संगती हाय." एका निळ्या दाराशी बोक्या थांबला, ओट्यावर चढला, आणि कोपऱ्यातल्या जर्मनच्या थाळीपाशी जाऊन ढुंगण टेकून बसला. थाळी घासून पालथी घातलेली होती. कडेला खिळ्यानं कोरून एक तिरकं 'बो' काढलेलं होतं.

आतून जी बाई आली ती तरुण नव्हती, विधवाही नव्हती. साठीची, काळीसावळी, काष्ट्याचं लुगडं, नाकात मोठी नथ, हात कोपरापर्यंत पिठाचे. "काय रं, आज टायमाच्या आधी? दादा कुठं राह्यला तुजा?" असं कुत्र्याला विचारता विचारता तिची नजर साखळीवरून वर सरकली. रत्नप्रभेनं मनात दोन वाक्यं घोटून आणली होती. ती काढायच्या आतच त्या बाईनं पिठाचे हात लुगड्याला पुसले आणि एकदम हसली.

"चंदूची आय ना तुम्ही?"

पाच वर्षं तिला कुणी असं म्हटलं नव्हतं. बाजारात, जिन्यात, मंडळात ती परबवहिनी होती, बोक्यावाल्या बाई होती. "हो," ती म्हणाली, आणि उंबऱ्याला हात लावून खाली बसली.

"अगो बाय, खाली काय बसता! हरेश्वर दर्यावर गेलाय, नायतर बघा कवढी खुशी झाली असती त्याला. मी सखुबाय, त्याची आय. दादाला किती येला बोलली, वयनीला घेऊन ये. तर बोलतात, ती बामणाकडची, तिला वास सहन नाय व्हत."

"बामणाकडची," रत्नप्रभा म्हणाली.

"व्हय ना. जन्मात मासळी नाय खाल्ली बोलतात. मी बोलली, मग दादा, तुमचं जमलं कसं?" सखुबाई खदखदून हसली, आत वळली आणि बोलत राहिली. बोक्या पहिल्यांदा कसा सुक्या बोंबलांवर तुटून पडला, हरेश्वर कसा काठी घेऊन धावला, दादा कसे गयावया करत आले, मग चहा झाला, मग जेवण, चार वरसं झाली त्याला. रत्नप्रभेच्या कानावर ते येत होतं, पण तिची नजर समोरच्या भिंतीवर गेली होती. एका मोठ्या चौकटीत काचेमागं सगळं घराणं, होड्या, लग्नं, एकवीरेची तसबीर. आणि चौकटीच्या कोपऱ्यात, काच आणि लाकडाच्या फटीत खोचलेला, पासपोर्टच्या मापाचा चंदू. पासपोर्टसाठी सहा प्रती काढल्या होत्या. चार कागदपत्रांना लागल्या, एक मोठी करून भिंतीला गेली, आणि सहावी सापडेना म्हणून तिनं लाल बॅग तीनदा उपसली होती, गादीची शिवण उसवली होती, दत्तारामही तिच्याबरोबर शोधत होता. शोधत होता! तोच फोटो होता, तोच निळ्या कॉलरचा शर्ट, तेच नीट न बसलेले केस. फक्त हार नव्हता. हार नसला की चेहरा इतका वेगळा दिसतो हे तिला ठाऊक नव्हतं. हा चंदू कुठंतरी जायला निघालेला दिसत होता.

"चंदूचा कागद आला काय?" सखुबाईनं आतून विचारलं. "दादा बोलले व्हते, गेल्या महिन्यात पगार वाढला त्याचा."

सांगावं. एका वाक्यात सांगावं, की बाई, तो मेला, पाच वर्षं झाली, दुबईला गेलाच नाही, आणि मी बामणाकडची नाही, वेंगुर्ल्याच्या बंदरावर वाढलेली आहे, तुझ्यापेक्षा चार मासे जास्तच खाल्ले असतील मी. वाक्य जिभेवर आलं होतं. तिनं फोटोकडे बघितलं.

"आला," ती म्हणाली.

"काय बोलतो?"

"उकाडा फार आहे म्हणतो." तिचा आवाज तिला ओळखू येईना. "पण एसीचंच काम त्याचं. आत गार असतं. खोलीवर चौघं आहेत, एक केरळचा आहे. त्याला... त्याला घरची आठवण येते. बोक्याची जास्त येते." ती बोलत गेली. एकेक वाक्य बोलताना चंदू एकेक पाऊल टाकत होता, जिना चढत होता, खोलीचं दार उघडत होता, पंख्याखाली शर्ट काढत होता, जाडा झाला होता थोडा, मिशा ठेवल्या होत्या. पाच वर्षांत जे मूल एका उशीवरून हललं नव्हतं ते दोन मिनिटांत सत्तावीस वर्षांचं होऊन तिच्यासमोर उभं राहिलं, आणि तिला इतका आनंद झाला, इतका पापी, उघडानागडा आनंद, की तिनं पदर तोंडात कोंबला. सखुबाईला वाटलं आठवणीनं रडते. "नका गो रडू," ती म्हणाली. "पोरगा खुशीत हाय. दादा बोलतात, सोता शिजवून रोज मासळी खातो. हलवा तर बोलतात दोन दोन तुकड्या लागतात त्याला."

एवढं सगळं तिनं गिळलं असतं, मासा, बामण, फोटो. पण दत्तारामानं तिथं बसून, या ओट्यावर, चंदूच्या ताटात हलव्याची तुकडी वाढली होती. तिनं नाकारलेली ती. एक नव्हे, दोन दोन. आणि पाच वर्षं घरात तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. रोज संध्याकाळी, सव्वासहाला येऊन, हा माणूस साखळी घेऊन आपल्या जिवंत मुलाकडे येत होता, त्याला जेवू घालत होता, त्याचा पगार वाढवत होता. आणि आठ वाजता हात धुऊन, लिंबू चोळून, घरी तिच्याकडे आणि तिच्या मेलेल्या मुलाकडे परत येत होता. एकटा! कुत्र्याला नेलं, तिला नाही नेलं.

सखुबाईनं बोक्याच्या थाळीत भात आणि माशाचं डोकं कुस्करून घातलं, आणि काटे काढताना चुकून हलव्याचा एक राहून गेला असेल परवा, असं स्वतःच म्हणाली, काल जेवला नाय नीट. बोक्या खाताना वर बघत नव्हता. घरी तो आंबील पिताना दर दोन घोटांनी रत्नप्रभेकडे बघायचा, आणि तिला वाटायचं, किती प्रेम. आता कळलं, तो बघायचा की झालं ना, पुरे ना. "च्या तरी घ्या, च्याला काय विटाळ नाय," सखुबाई म्हणाली. तिनं चहा घेतला. निघताना सखुबाईनं वर्तमानपत्रात बांधलेलं एक पुडकं तिच्या हातात दिलं. "सोडे हायत, सोललेल्या कोलंबीचे. आमच्या घरचे, उन्हात वाळवलेले. चंदूला धाडा. तिकडं असले नाय गावायचे." रत्नप्रभेनं दोन्ही हात पुढं केले आणि ते घेतलं.

ती घरी पोचली तेव्हा सात वाजायला आले होते. दत्ताराम कॉटवर बसला होता, ऑफिसच्या कपड्यांत, पायात बूट तसेच. खुंटी रिकामी होती आणि तो त्या खुंटीकडेच बघत असावा. "सुगंधा म्हणाली, तू नेलंस," तो म्हणाला. "कशाला गं? मी आलोच असतो की. मैदानावर नेलंस?"

"नाही," ती म्हणाली. "त्याच्या नेहमीच्या जागी."

बोक्या पिंपामागं जाऊन ऐसपैस पसरला आणि त्यानं ढेकर दिला. रत्नप्रभेनं पुडकं सोडलं. सोड्यांचा वास पाच वर्षांनी त्या खोलीत शिरला, कपाटात, गाद्यांत, चंदनाच्या हारात. तिनं ते फोटोखालच्या टेबलावर ठेवलं.

"सखुबाईनं दिलेत. चंदूला पाठवा म्हणाली. कधी पाठवताय?"

दत्तारामाचा चेहरा बघवत नव्हता, आणि ती तो बघत राहिली. पाच वर्षं तिनं या चेहऱ्यावर दुःख वाचलं होतं. होतंही ते, तिला आता दिसलं. पण तिच्यातलं आणि त्याच्यातलं ते एकच नव्हतं, कधी नव्हतंच. "रत्ना," तो म्हणाला, "माशाला मी पहिल्यांदा नाही म्हटलं होतं. खरंच. त्यांनी विचारलं, मुलं किती, आणि तोंडातून गेलं, एक, दुबईला असतो. मग एकदा ते गेलं..."

"मला का नाही नेलंत?"

तो वाकून बुटाची नाडी सोडायला लागला. खालच्या मैदानातून पोरांचा गलका येत होता. तिला वाटलं, आता हा क्षमा मागेल, आणि मागितली तर मी काय करू.

"तुला नेलं असतं," दत्ताराम हळूच म्हणाला, "तर चंदू तिथंही गेला असता गं."

त्यानं हे तिला लागावं म्हणून म्हटलं नव्हतं. म्हणूनच ते खोल गेलं. दारात उभा राहून 'दे गं एक' म्हणणारा तो माणूस पाच वर्षं दारातच उभा होता तर, आणि तिला वाटत होतं, तो तिच्या शेजारी नदीत हात धरून उभा आहे. तिनं बोक्याच्या गळ्यातली साखळी सोडली. खुंटीला अडकवायची ती तिनं हातावर गुंडाळली, एक वेढा, दोन वेढे, आणि आपल्या उशाखाली नेऊन ठेवली.

"उद्यापासून बोक्याला मी नेणार. संध्याकाळचं."

"आणि मी?"

"तुम्ही घरी बसा." तिनं हारातल्या फोटोकडे मान हलवली. "त्याच्याजवळ कुणीतरी नको? सातला दिवा लावायचा असतो. काडेपेटी खिडकीत आहे."